तुम्ही विचारलंत म्हणून: सिन्याकच्या चित्रातली माणसं इतकी सुखी कशी?

फ्रेंच चित्रकार पॉल सिन्याकचं ‘सुसंवादाच्या काळात’ हे चित्र दाखवलं की कुणीतरी हमखास विचारतं, “सगळेच सुखी? दुःखाचा मागमूसही नाही. खोटं नाही वाटत तुम्हाला हे?”

नाही वाटत. उलट जितकं पाहते तितकं ते मला धीट वाटतं.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणू. दक्षिण फ्रान्समधला सँ-त्रोपेचा समुद्रकिनारा. सिन्याक १८९२ मध्ये शिडाच्या होडीतून तिथे पोहोचला आणि तिथल्या उजेडात रमला. चित्रात एकजण हात उंचावून झाडावरची फळं तोडतोय, एकजण वाचतोय, एक आई मुलापाशी आहे, दोघं गोळे फेकण्याचा खेळ खेळताहेत. पलीकडे एक चित्रकार, फेर धरून नाचणारी माणसं, दूरवर पेरणी. कॅनव्हास तीन मीटरहून उंच आणि चार मीटरहून रुंद. दिवाणखान्यासाठी एवढं चित्र कुणी काढत नाही. ते सार्वजनिक भिंतीसाठीच होतं.

आता ते कधी काढलं ते पाहा. १८९३ ते १८९५. डिसेंबर १८९३ मध्ये एका अराजकवाद्याने पॅरिसच्या संसदेत बॉम्ब टाकला, जून १८९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांचा खून झाला. सरकारने कडक कायदे केले, धरपकड सुरू झाली. सिन्याकचा मित्र, समीक्षक फेलिक्स फेनेऑं याच्यावर खटला चालला. तो सुटला. चित्रकार मित्र माक्सिमिलियाँ ल्यूसला तुरुंगात डांबलं. सिन्याक स्वतः याच अराजकवादी विचाराचा: वर कुणी सत्ताधीश नसावा, माणसांनी आपसांतल्या समजुतीने जगावं. चित्राचं मूळ नावही ‘अराजकाच्या काळात’ असंच होतं. त्या दिवसांत ते बदलावं लागलं.

म्हणजे मित्र कोठडीत असताना हा माणूस फळं तोडणारे हात रंगवत होता. दुःख त्याला दिसत नव्हतं असं कसं म्हणायचं?

यामागे आंरी-एदमाँ क्रॉस या चित्रकार मित्राचं एक पत्र आहे. आजवर अराजकवादी चित्रं नेहमी बंड किंवा हालअपेष्टाच दाखवत आली. त्याऐवजी ज्या सुखाच्या काळाचं स्वप्न आपण पाहतो, त्यातले माणसांचे खेळ आणि त्यांचं काम दाखवू या, अशा आशयाचं त्याने लिहिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. हालअपेष्टा रंगवल्या की पाहणारा हळहळतो आणि पुढे जातो. लढायचं ते कशासाठी, हे कुणी दाखवायचं? सिन्याकने ते काम अंगावर घेतलं. क्रॉसला कळवलेल्या त्याच्या बेतात कापणीची यंत्रंही होती, धूर सोडत माणसाचे कष्ट हलके करणारी. म्हणजे चित्रातली ही फुरसत आकाशातून पडलेली नाही. काम आहेच, पण ते सगळा दिवस खात नाही.

इथेच हे चित्र त्याच शतकातल्या इतर सुखचित्रांहून वेगळं होतं. चित्रकार दोमिनिक पापतीने १८४३ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, ‘सुखाचं स्वप्न’ मांडलं. फूरियेच्या समाजवादी विचारांनी भारलेला तो तरुण, पण त्याचीही माणसं प्राचीन ग्रीकांच्या वेशात. चित्रकार अँग्रने दाँपिएरच्या वाड्यात ‘सुवर्णयुग’ रंगवायला घेतलं आणि अर्धवट सोडलं. सुख म्हटलं की नजर मागे वळते; आपणही सत्ययुग मागेच ठेवून आलोय. सिन्याकने मात्र चित्राला अराजकवादी लेखक शार्ल मालातोचं वाक्य जोडलं: सुवर्णयुग भूतकाळात नाही, ते भविष्यात आहे. आणि माणसांना त्यांच्याच काळातले कपडे घातले.

चित्र म्हणून त्यात उणीव आहे. माणसं ताठरलेली वाटतात, प्रत्येकजण आपापल्या जागी खिळलेला. पण उजेडाकडे पाहा! शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवलेत. एकही दुसऱ्यात मिसळलेला नाही, तरी डोळ्यात त्यांचा मिळून एक प्रकाश होतो. ज्या समाजाची त्याला आस होती, तोही मला असाच दिसतो.

ब्रसेल्सला वास्तुकार व्हिक्टर ऑर्टा कामगार पक्षासाठी ‘लोकांचं घर’ बांधत होता. हे चित्र तिथे लागावं अशी सिन्याकची इच्छा होती, पण ते जमलं नाही. १९३५ मध्ये तो गेला. पुढे त्याच्या पत्नीने, बेर्तने, ते पॅरिसला लागून असलेल्या माँत्रय या गावाला दिलं. तिथल्या नगरपालिकेच्या जिन्यात ते लागलेलं आहे, कागदपत्रं काढायला येणाऱ्या लोकांच्या वाटेवर. संग्रहालयापेक्षा मला ती जागा जास्त योग्य वाटते.