अर्धं राहिलेलं उत्तर

आज इंटरव्ह्यू घेणारे साहेब नाही म्हणाले असते तर एवढं लागलं नसतं. नाही म्हणायला तरी आधी ऐकून घ्यावं लागतं.

प्रश्न साधा होता. सीपी आणि सीपीकेमधला फरक सांगा. सीपी म्हणजे मापांचा पसारा मर्यादेत किती सहज मावतो ते, सीपीके म्हणजे सरासरी कुठे आहे तेही धरून. क्वालिटीच्या पोस्टला हा विचारतातच. व्याख्या पाठ आहे, पण मला व्याख्या म्हणून दाखवायची नव्हती, म्हणून आमच्या लेथवरचा शाफ्टच घेतला. व्यास 25 मिलिमीटर, अधिक-उणे 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 20 हजारांश. सिग्मा, म्हणजे पसाऱ्याचं माप, 4 मायक्रॉन धरला तर सीपी 1.67 येतो, कागद बघून कुणीही खूश होईल. पण सरासरी 12 मायक्रॉन वर सरकली की वरच्या मर्यादेपर्यंत उरतात फक्त 8 आणि सीपीके घसरतो 0.67 वर. मशीन तेच, पसारा तोच, तरी शंभरात दोन-तीन जॉब, म्हणजे शाफ्ट, बाद.

इथवर आले आणि त्यांचा फोन वाजला. बोलणं झाल्यावर ते म्हणाले, "बरं, ठीक आहे. नाईट शिफ्ट जमेल ना? घरून काही प्रॉब्लेम?"

जमेल म्हटलं. त्या प्रश्नाबद्दल आज लिहायचं नाहीये.

राहिलं ते सरासरी का सरकते हे. इन्सर्ट, म्हणजे लेथवरचं कापणारं टोक, झिजत जातो तसा बाहेरचा व्यास थोडा थोडा मोठा यायला लागतो. मायक्रोमीटरवर जॉब अजून पास होत असतो, पण मापं टिपतो त्या चार्टवर बिंदू एकाच बाजूला चढत असतात. तेव्हाच ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनला तेवढी दुरुस्ती सांगायची, रिजेक्शनची वाट बघत बसायचं नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. काकांच्या शेजारी मशीनवर उभी राहून शिकले. तेच तर सांगायला चाकणला गेले होते!

येताना तळेगाव चौकात बस अडकली, तिथे ते उत्तर मनातल्या मनात पूर्ण केलं. घरी कुकर लावताना पुन्हा. आईने विचारलं, कसा झाला? म्हटलं, बरा. यापुढे काय सांगणार? त्यांनी वाईट वागवलं नाही, चहासुद्धा दिला. फक्त माझं वाक्य तिथेच टेबलावर राहिलं आणि ते राहिलंय हे खोलीत एकालाही जाणवलं नाही. इतकी कशी मी कुणाच्या लक्षात येत नाही, असं वाटून बसमध्ये डोळे भरून आले. महिनाअखेरीला इथलं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. दादाला अजून बोलले नाहीये.

आता रात्री जरा निवांत विचार करतेय. त्यांची लाइन थांबली असेल. कस्टमरकडून माल परत आला असेल. असा फोन आला की आमच्याकडेही समोर कोण बसलंय ते दिसत नाही, हे मी रोज बघते. शाफ्टपर्यंतच्या बोलण्यातच त्यांना हवं ते कळलं असेल, असंही होऊ शकतं. तरी 'थांबा हं, पुढे बोला' एवढं म्हणायला हवं होतं. यावर मी ठाम आहे.

कॉल आला तर जाईन. नाही आला तर तळेगावचा अर्ज आहेच.

उद्या फर्स्ट शिफ्टला नवीन ट्रेनी येतोय, त्याला चार्ट भरायला शिकवायचंय. त्याला आधी झिजलेला इन्सर्ट हातात देणार, सूत्र नंतर. आणि मध्येच कुणाचा फोन आला तर तो झाल्यावर, जिथे थांबलो होतो तिथूनच पुढे.