साडेपाच ते दहा

(माजी विद्यार्थिनीचे मनोगत, दहावी १९८४)

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी मुख्याध्यापिकाबाईंना आधीच विचारून घेतलं, की शाळेबद्दल थोडं आणि शाळेमागच्या गल्लीतल्या कामगार कल्याण केंद्राबद्दल जास्त लिहिलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "लिहा की, तेही आपलंच आहे." खरंच आहे. आमच्या बॅचमधल्या कुणालाही विचारा, शाळेच्या आठवणी सांगता सांगता तो केंद्रावर येऊन पोचतो. साडेपाचला शाळा सुटायची आणि रात्री दहाला केंद्राचं फाटक लागायचं. मधले साडेचार तास आम्ही कुठे होतो, कुणाच्या नजरेखाली होतो, यावर आमच्यापैकी बऱ्याच जणांचं पुढचं आयुष्य ठरलं, असं मला मनापासून वाटतं.

नव्या विद्यार्थ्यांना तेव्हाचं घर डोळ्यांपुढे आणणं अवघड जाईल, म्हणून सांगते. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२० च्या दशकातल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि आपला ना. म. जोशी मार्ग मिळून २०७ चाळी, त्यातल्या ३२ आपल्याकडे. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या अंधाऱ्या पॅसेजच्या दोन्ही अंगांना मिळून २० खोल्या, आणि एक खोली १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत आई-बाबा, आम्ही तिघं भावंडं, काका आणि गावाकडचे दोघे असे राहत होतो. बाबा आणि काका दोघेही गिरणीत. एकाची रातपाळी असली की तो दिवसा झोपणार, म्हणून दिवसा मोठ्याने वाचायचं नाही. दुसऱ्याची पहिली पाळी, म्हणून रात्री नऊनंतर दिवा लावायचा नाही. यात कुणाचा दोष नव्हता. आठ तास साच्यावर उभं राहून आलेल्या माणसाला झोप हवीच. पण प्रमेय पाठ करायचं ते कुठे? जिन्यात बसलं तर येणारे-जाणारे ओलांडून जायचे, आणि मुलगी जिन्यात बसली की चार लोक विचारायचे.

केंद्रावर अभ्यासिका होती. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून लाकडी टेबलं, वर चार ट्यूबलाइट. दाराशी एक वही आणि सुतळीने बांधलेलं पेन. नाव लिहायचं, वेळ लिहायची, आत जाऊन बसायचं. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले असायचे. खिडकीजवळची खुर्ची मिळावी म्हणून शाळा सुटल्या सुटल्या आम्ही दप्तरासकट धावत यायचो. घरी माझं असं काहीच नव्हतं, अंथरूणसुद्धा बहिणीबरोबर वाटून घेतलेलं. तिथे मात्र दोन-तीन तास एक खुर्ची माझी असायची, आणि तिथून कुणी 'ऊठ' म्हणायचं नाही.

हे केंद्र आलं कुठून, हे त्या वयात कधी मनात आलं नाही. खूप पुढे, नोकरीत युनियनचं काम करताना, मी ते शोधून वाचलं. आपल्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालयं सुरू केली. माणूस कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न त्या लोकांनी फार लवकर ओळखला. पुढे १९३९ साली मुंबई सरकारने स्वतःची कामगार कल्याण केंद्रं उघडली. १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि ती केंद्रं कामगार कल्याण मंडळाकडे आली. या निधीत पैसे कुठून जमा होतात, ते वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून गप्प बसले. कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि कामगारांनी न नेलेला, मालकाकडे पडून राहिलेला पगार, हे या निधीचे दोन मूळ स्रोत. त्यात पुढे कामगार, मालक आणि सरकार यांची सहामाही वर्गणी आली, कामगाराची जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापली जाणारी. कुणाचा उशिरा आल्याचा दंड, कुणी गावी निघून गेला आणि परत आलाच नाही त्याचे राहिलेले चार दिवस. त्या पैशांतून आमच्या ट्यूबलाइट जळत होत्या. फुकट मिळालं म्हणून आम्ही जे वापरलं, त्याची किंमत आमच्याच माणसांनी आधी मोजली होती.

केंद्रावर दोन माणसं होती, ज्यांच्यामुळे ती इमारत केंद्र झाली. एक केंद्र संचालक, आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो, आणि दुसऱ्या ग्रंथपाल बाई. बाईंची एक पद्धत होती. पुस्तक परत करताना त्या कार्डावर तारीख मारायच्या आणि शिक्का हातात धरूनच विचारायच्या, "शेवटी काय झालं गं?" गोष्ट सांगितल्याशिवाय नवीन पुस्तक मिळत नसे. रांगेत मागे उभे असलेलेही ऐकायचे, मग त्यांना तेच पुस्तक हवं व्हायचं. मी मूळची घुमी मुलगी. चार लोकांसमोर न अडखळता बोलायला मी त्या काउंटरसमोर उभी राहून शिकले. पुढे मुलाखतीला बसले, युनियनच्या सभेत उभी राहिले, तेव्हा उपयोगी पडलं ते हेच.

सर वेगळे. ते शिकवायला म्हणून कधी बसले नाहीत. रात्री आठ-साडेआठला कॅरमच्या खोलीतून, तिथून व्यायामशाळेतून, मग अभ्यासिकेतून एक फेरी मारायचे आणि वहीतली नावं वाचायचे. कुणी तीन-चार दिवस दिसला नाही की दुसऱ्या दिवशी त्याच्या चाळीत हजर. "काय रे, बरं नाही का?" एवढंच. ओरडणं नाही, उपदेश नाही. पण आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं, हे पंधरा वर्षांच्या पोराला कळलं की ते पोर सहसा येतं.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते. अडीच लाख कामगार घरी. पहिले काही आठवडे वातावरण जत्रेसारखं होतं, सभा, मोर्चे, घोषणा. बाबा म्हणायचे, होळीपर्यंत मिटेल. होळी गेली, गणपती गेले. गिरणीचा भोंगा बंद झाला आणि चाळीतली भांडणं वाढली. अनेकांनी बायका-मुलांना कोकणात, साताऱ्याकडे पाठवून दिलं. आमच्या वर्गातले बाक रिकामे होत गेले, आणि दाखले नेणारे पालक मान खाली घालून ऑफिसात उभे असायचे. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी कितीतरी जणांची फी मागितली नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. त्यांनी स्वतः ते कधी कुणाला सांगितलं नसतं.

केंद्रावर त्या काळात एक नवीन गोष्ट घडली. सकाळी वाचनालयात आमचे वडील बसू लागले. ज्यांनी उभ्या आयुष्यात सकाळचे दहा गिरणीबाहेर पाहिले नव्हते ती माणसं, धुतलेला सदरा घालून, वर्तमानपत्राच्या एकेका पानासाठी थांबून राहायची. माझे बाबा चौथी शिकलेले. ते ओळीखाली बोट ठेवून वाचायचे आणि ओठ हलायचे. एकदा सकाळी पुस्तक बदलायला गेले होते तेव्हा पाहिलं, ते माझ्याच खुर्चीत बसले होते, खिडकीजवळच्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी पुस्तक न बदलता तशीच मागे फिरले. घरी ते कधीच असे बसलेले दिसले नव्हते, पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात टेबलावर.

आई केंद्राच्या शिवणवर्गाला जाऊ लागली तीही तेव्हाच. आधी कितीदा विषय निघाला होता, पण बाबांना ते पटत नसे. संपाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात ते स्वतःच म्हणाले, जाऊन ये. आईने आधी लंगोटं आणि झबली शिवली, मग परकर, मग ब्लाऊज. पुढची कितीतरी वर्षं आमचं घर त्या ब्लाऊजवर चाललं. संपाचा इतिहास लिहिणारे मागण्या, वाटाघाटी, गिरण्यांच्या जमिनी यांबद्दल लिहितात, ते लिहायलाच हवं. पण गिरणगाव त्यानंतर उभं राहिलं ते डबे, पापड आणि शिवणयंत्रं चालवणाऱ्या बायकांच्या जिवावर. त्यातल्या कितीजणींनी पहिली सुई केंद्रावर हातात धरली, याची नोंद कुणीतरी करायला हवी.

कबड्डीचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मुलांचा संघ होताच, सरांनी मुलींचा काढला. पहिल्या दिवशी आम्ही सलवार-कमीज घालून मैदानात उतरलो, ओढण्या कमरेला बांधून. चाळीच्या सगळ्या खिडक्यांत माणसं. कुणी हसलं, कुणी काहीबाही बोललं. सर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले आणि सराव संपेपर्यंत खिडक्यांकडे बघत राहिले. आठवड्याभरात हसणं थांबलं, महिन्याभरात त्याच खिडक्यांतून "पकड, पकड" ऐकू यायला लागलं. मी बरी कव्हर खेळायचे, त्यापलीकडे गेले नाही. पण आमच्यातल्या दोघी जिल्ह्याकडून खेळल्या आणि खेळाडूंच्या जागेवर नोकरीला लागल्या, एक रेल्वेत, एक पोलिसांत. त्यांच्या घरात बाईने पगार आणण्याची ती पहिली वेळ. आज त्यांच्या मुली शिकून कुठल्या कुठे गेल्या आहेत.

सगळ्यांचं असं झालं नाही, आणि ते लपवून हा लेख लिहिणं मला योग्य वाटत नाही. वस्तीत पोरांना जवळ करणारे दुसरेही लोक होते. त्यांच्याकडे मोटारसायकल होती, खिशात नोटा होत्या, आणि ज्या घरात वर्षभर पगार आला नाही त्या घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते काम देत होते. आमच्या वर्गातली काही मुलं तिकडे गेली. त्यातला एक माझ्या शेजारच्या बाकावरचा, गणितात हुशार. सर त्याच्या घरी अनेकदा गेले, पण तो येईना. तो पुढे फार दिवस जगला नाही. चार ट्यूबलाइटच्या खोलीला जिथवर हात पोचला तिथवर पोचला. पण त्याच चाळीत, त्याच मजल्यावर, तेवढ्याच गरिबीत वाढलेली जी मुलं रोज वहीत नाव लिहीत राहिली, ती आज शिक्षक आहेत, नर्स आहेत, एसटीत आहेत, एक तर केंद्रावरच्या बालनाट्यातून सुरुवात करून आज नाटकांची प्रकाशयोजना करतो. नशीब एवढ्यावर हे सोडून द्यायला मी तयार नाही.

आता आपल्या चाळी जात आहेत. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं येत आहेत, लिफ्ट, स्वतःचं न्हाणीघर, स्वतःचा संडास. याचा मला आनंद आहे. ज्यांनी पॅसेजच्या टोकाला बादली घेऊन रांग लावली आहे, त्यांनाच तो कळेल. पण आमच्या जुन्या शेजारणीच्या नातवाला मी विचारलं, संध्याकाळी कुठे असतोस? तो म्हणाला, "घरी. मोबाईलवर." आई-वडील दोघेही कामावर, येतात रात्री नवाला. त्याला खोली आहे, टेबल आहे, दिवा आहे. 'शेवटी काय झालं रे' असं विचारणारं मात्र कुणी नाही. आम्हाला जागा नव्हती आणि माणसं होती, त्याच्याकडे नेमकं उलटं आहे. टॉवरमध्ये क्लब हाऊस होईल, जिमही होईल. तिथे रोज संध्याकाळी एक मोठं माणूस बसेल का, मुलांची नावं त्याला ठाऊक असतील का, हे नकाशात दाखवलेलं नसतं. ते आपल्यालाच करावं लागेल.

म्हणून या महोत्सवानिमित्त आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेकडे एक मागणी केली आणि ती मान्य झाली. येत्या जूनपासून तळमजल्यावरचे दोन वर्ग रोज साडेपाच ते दहा उघडे राहतील, आपल्या शाळेच्या आणि आसपासच्या कुठल्याही शाळेच्या मुला-मुलींसाठी, फी न घेता. एका वर्गात अभ्यास, दुसऱ्यात पुस्तकं आणि कॅरम. विजेचं बिल माजी विद्यार्थी संघ भरणार आहे. पुस्तकं पुरेशी जमली आहेत, कपाट एक कमी पडतंय. खरी गरज आहे ती रोज संध्याकाळी येऊन बसणाऱ्या एका माणसाची. त्याला गणित शिकवता आलं पाहिजे अशी अट नाही. वहीतली नावं वाचायची, एक फेरी मारायची, कुणी दिसलं नाही तर त्याच्या घरी फोन करायचा. मंगळवार आणि शुक्रवार मी घेतले आहेत. बाकीचे वार मोकळे आहेत, ज्यांना जमेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव आणि वार लिहून ठेवावा.