नांदूरमधमेश्वरची थंडी आणि ट्रेलरमधला गॅस

आमचा छोटा ट्रेलर बघायला येणारे आधी झोपायची सोय बघतात, मग संडासाची चौकशी करतात. शेगडीकडे नुसती नजर टाकतात आणि "वा, चहाचीही सोय आहे" म्हणून पुढे सरकतात. आमचं सगळ्यात जास्त डोकं मात्र त्या दोन बर्नरच्या शेगडीपायीच खर्ची पडलं. त्यामुळे निफाडजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या या पोस्टमध्ये पक्षी कमी आणि गॅस जास्त आहे. पक्ष्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ट्रेलरची बॉडी नाशिकमधल्या सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये झाली. गॅसची लाइन टाकायला हॉटेलांची कामं करणारे एक काका आले. मी शेगडी कुठे बसवायची ते दाखवत होते आणि ते खाली उकिडवे बसून फ्लोअरचे कोपरे चाचपत होते.

"ताई, शेगडीचं नंतर बघू. गॅस सुटला तर जाणार कुठून, ते सांगा."

"खिडकी आहे की."

"खिडकीतून वास जाईल. गॅस खालीच बसणार."

सगळी गोम तिथेच आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट जड, आणि आपल्या सिलिंडरमध्ये दोन्ही असतात. घरात गळती झाली तर दार असतं, बाल्कनी असते. ट्रेलर म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी. आमच्या ट्रेलरमध्ये आत जेमतेम दहा घनमीटर जागा आहे. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते, म्हणजे अर्धा किलोसुद्धा लागत नाही. शिवाय गॅस लगेच सारखा पसरत नाही, आधी जमिनीलगत साचतो. तिथे दोन टक्के व्हायला त्याहूनही कमी पुरतो.

म्हणून शेगडीच्या कपाटाखाली फ्लोअरलाच भोकं पाडली आणि खालून जाळी मारली, उंदीर शिरू नयेत म्हणून. नवरा म्हणाला, "काका, रस्त्याची सगळी धूळ आत येईल."

"धूळ झाडता येते, साहेब."

सिलिंडर आत ठेवायचाच नाही हे तर आधीच ठरलं होतं. पुढे जिथे गाडीला जोडायचा हुक येतो, त्या दांड्यांवर पत्र्याची पेटी केली. तिच्या तळालाही भोकं आहेत, आणि पेटीतून ट्रेलरच्या आत उघडणारी एकही फट नाही. सिलिंडर उभाच राहतो, पट्ट्याने आवळलेला. आडवा झाला तर वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एक लिटर पातळ गॅसची अडीचशे लिटरच्या आसपास वाफ होते. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर उचलून आणायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो घरगुती वापरासाठी आहे, तिथेच राहू द्या. ओळखपत्र दाखवून पाच किलोचा कंपनीचा सिलिंडर मिळतो, तो घ्यावा. बाजारात कुठेही भरून मिळणाऱ्या बिनकंपनीच्या टाक्यांना मी हात लावत नाही.

पेटीपासून शेगडीपर्यंत तांब्याचा पाइप आहे. काकांचं ते काम बघत मी तासभर तिथेच बसले. पाइप कापला, आतली कडा घासून काढली, नट आधीच ओवून ठेवला (पाइपचं तोंड फुलवल्यावर तो जात नाही), मग टोक साच्यात धरून शंकू फिरवत फिरवत तोंड फुलासारखं उघडलं. मी टेफ्लॉनची टेप पुढे केली तर म्हणाले, "इथं नाही लागत. धातूवर धातू बसतो." पाइप जिथे पत्र्यातून जातो तिथे रबराची बुशिंग घातली, नाहीतर खड्ड्याखड्ड्यांतून पत्र्याची कडा तांबं कापत राहते. थोड्याथोड्या अंतरावर क्लॅम्प मारले. शेवटचा छोटा तुकडा फक्त नारिंगी सुरक्षा नळीचा, दोन्ही टोकांना क्लिपा लावून.

मग त्यांनी पाणी भरलेली यू आकाराची नळी लाइनला जोडली. घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाब देतो, म्हणजे 300 मिलिमीटर पाणी उचलतो. लाइन बंद करून ते बिडी न ओढता (हे मुद्दाम लिहिते, कारण एरवी बिडी सुटत नव्हती) पाण्याच्या रेषेकडे बघत बसले. रेष हलली नाही. तरीसुद्धा सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावलाच.

यूट्यूबवर अमेरिकेतले कॅम्परवाले बघून आम्ही बरंच शिकलो, पण एक फरक लक्षात ठेवावा लागतो. तिकडे सिलिंडरमध्ये बहुतेक प्रोपेनच असतो, आणि तो उणे 42 अंशांपर्यंत उकळून वाफ देत राहतो. ब्यूटेन शून्याच्या आसपासच थंडावतो. नाशिकमध्ये याचं काय, असं वाटलं असेल तर हिवाळ्यात निफाडला जाऊन बघा.

नांदूर नाक्यावरून निघालो, माडसांगवी, चांदोरी, मग सायखेड्याकडे वळलो. उसाच्या ट्रॅक्टरमागे बराच वेळ गेला. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर बंद, हा आमचा नियम. अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, म्हणून चापडगावजवळ ओळखीच्यांच्या मळ्यात ट्रेलर लावला. मळ्यातले दादा म्हणाले, "आज पारा पडणार. रात्री बागेत शेकोट्या कराव्या लागतील." द्राक्षाचे मणी थंडीने तडकतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पाऱ्याचा आकडा दरवर्षी पेपरात वाचतो, यंदा तो अंगावर घेतला.

पहाटे शेगडी पेटली, पण ज्योत मरतुकडी. सिलिंडर संपत आला की आत ब्यूटेनचा वाटा वाढलेला असतो, आणि थंडीत त्याची वाफ होत नाही. नवऱ्याला सिलिंडरची दया आली. "रात्री आत घेतला असता तर?" मी फक्त फ्लोअरच्या जाळीकडे बोट दाखवलं. शेगडी पेटती ठेवून ट्रेलर गरम करावा, ही त्याची रात्रीची कल्पनाही अशीच मोडीत काढली होती. बंद जागेत जळती शेगडी हवा खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते, ज्याला वासच नाही. गॅसचा अलार्म आम्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलाय, कार्बन मोनॉक्साइडचा झोपतो तिथे उशाशी. स्वयंपाक करताना छताची झडप आणि एक खिडकी किलकिली असतेच. थंडीला गोधड्या आहेत.

ऊन पेटीवर आलं तशी ज्योत सरळ झाली. तोवर अभयारण्यातल्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर जाऊन आलो. वारकरी (कूट) पक्षी शेकड्यांनी, जांभळ्या पाणकोंबड्या, दूरवर चक्रवाकांची जोडी. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), 2020 मध्ये जाहीर झालेलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा झाला आणि साठलेल्या गाळावर हे सगळं उभं राहिलं. दुर्बीण माझ्याकडे कमी आणि नवऱ्याकडे जास्त होती.

परत आल्यावर साबणाचं पाणी घेऊन लाइन तपासली. सायखेड्याच्या रस्त्यानंतर हे करायलाच हवं होतं. जोड सगळे ठीक, एका क्लॅम्पचा स्क्रू तेवढा सैल झाला होता. मळ्यातल्या वहिनी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. नळीवर छापलेलं साल बघून त्यांनी विचारलं, हे कशाला?

"पाच वर्षांनी बदलायची असते, वहिनी."

त्या घरात गेल्या आणि ओट्याखालून हाक मारली, "ताई, आमच्या नळीवरचं तर पुसूनच गेलंय!" दादांना त्याच दिवशी निफाडला पिटाळलं. आम्हाला 1906 हा गळतीसाठीचा नंबर त्यांच्या फ्रिजवर खडूने लिहून द्यावा लागला, आणि बदल्यात एक पेटी थॉमसन द्राक्षं मिळाली.