कवडशाचा सतरा मिनिटांचा उजेड

आयर्लंडमधील न्यूग्रेंज हे दफनस्थान इसवी सन पूर्व ३२०० च्या सुमारास, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधी बांधले गेले. त्याच्या दारावर एक झरोका आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, आकाश निरभ्र असेल तर, उगवत्या सूर्याची बारीक तिरीप त्या झरोक्यातून शिरते, सुमारे १९ मीटर लांबीच्या अरुंद बोळातून जमिनीवरून हळूहळू पुढे सरकते आणि आतल्या दालनात पोहोचून जेमतेम १७ मिनिटे रेंगाळते. १९६७ च्या डिसेंबरमध्ये पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली त्या अंधारात एकटे थांबले आणि हे दृश्य त्यांनी पाहिले. ऋतुचक्राचा विचार करताना माझे मन दरवेळी त्या दालनाकडेच वळते.

आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक परंपरेतील साउइन हा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होतो. त्या रात्री जिवंतांचे आणि मृतांचे अशा दोन जगांमधला पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. सलगम कोरून, त्यावर भेसूर चेहरा काढून आत दिवा ठेवण्याची रीत तिथलीच, सलगमच्या जागी भोपळा आला तो अमेरिकेत. मे महिन्याच्या आरंभी बेल्टेन हा सण येई, तेव्हा गुरे चराईला नेण्यापूर्वी दोन जाळांमधून हाकली जात.

आज नवपेगन मंडळी, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजक परंपरा नव्याने जागवणारे लोक, पाळतात ते आठ सणांचे सलग वर्षचक्र मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये जुळवले गेले. त्यामुळे त्याचे मोल कमी होते असे मला वाटत नाही, कारण त्यातील अयनदिन (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस) आणि संपातदिन (दिवस-रात्र समान असण्याचे दिवस) आकाशातच ठरलेले आहेत.