मूळ आणि अविभाज्य

खानापूर, मंगळवार रात्र

पाऊस संध्याकाळपासून धरलाय. जेवणं उरकली तशी भाची गणिताची वही घेऊन आली. तिची शाळा कन्नड माध्यमाची, मी शिकले मराठीत. तिच्या पुस्तकात 'अविभाज्य संख्ये', माझ्या डोक्यात 'मूळ संख्या'. दोन्ही एकच हे जुळवण्यातच पहिली दहा मिनिटं गेली.

डब्यातले चिंचोके काढले. १२ मोजून दिले, म्हटलं ओळी लाव, सगळ्या सारख्या. सहाच्या दोन, चाराच्या तीन, भराभर लावल्या. मग त्यात एक टाकला. तेराच्या दोन ओळी केल्या, एक उरला. तीन केल्या, एक उरला. चार केल्या, परत एक. "बसंना की गं आत्या!" शेवटी सगळे एकाच लांब ओळीत लावून मोकळी झाली, आणि आपणच म्हणाली, "म्हणून अविभाज्य." तिचा शब्द इतका नेमका आहे हे मला आज कळलं.

आमचा 'मूळ' उलगडला तो ६० चे अवयव पाडताना. तिनं ६ × १० पासून सुरुवात केली, मी ४ × १५ पासून. खाली दोघींचेही २, २, ३, ५. तिला पटेना. ३० × २ घेऊन पुन्हा पाडले. तेच चार! मी शाळेत हे लसावि-मसाविपुरतं, मार्कांसाठी केलं. कुठूनही उतरलं तरी तीच मुळं हाताला लागतात, हे थांबून कुणी दाखवलं नाही, याची आज फार हळहळ वाटली.

"मग एक?" एकाला मूळ म्हटलं तर ६० च्या मागं हवे तेवढे एक जोडता येतील, मग उत्तर एकच कसं राहील? म्हणून तो मूळही नाही, संयुक्तही नाही.

९१ ला ती फसली. पाढ्यात कुठं ऐकलेला नाही म्हणून मूळ ठरवून टाकला. तो ७ × १३. शंभराच्या आतल्या संख्येला २, ३, ५, ७ नं भागून बघितलं की पुरे, कारण त्यापुढचा मूळ ११, आणि अकरा अकरे १२१, म्हणजे शंभराच्या पुढे जातात.

शेवटची मूळ संख्या कुठली, असं झोपता झोपता विचारलंन. शेवटची नाहीच, ग्रीक गणिती युक्लिडनं सुमारे २३०० वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय, म्हटलं. ते कसं, ते उद्या.

उद्या एरॅटोस्थेनिसची चाळणीही करायची आहे, म्हणजे एक आणि प्रत्येक मूळ संख्येच्या पुढच्या पटी खोडत जायच्या, उरतात त्या मूळ संख्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शंभर चौकोन आखून ठेवलेत. खोडून खोडून २५ उरतात, हे तिला सांगितलेलं नाही.