खिशातलं पिस्तूल, आणि मुळात खिसाच नसलेल्या आम्ही

मी टेक्सासात केटी नावाच्या गावात घरं विकते. ह्यूस्टनच्या पश्चिमेला जिथे काही वर्षांपूर्वी भाताची शेतं होती तिथे आता मैलोन्‌मैल वसाहती आहेत, आणि त्यातल्या रिकाम्या घरांची कुलपं अनोळखी माणसांसाठी उघडून देणं हा माझा धंदा. रस्त्याकडेच्या पाटीवर माझा हसरा फोटो आणि फोन नंबर. फोन करणारा गिऱ्हाईक आहे की आणखी कोण, हे दारात उभं राहिल्यावरच कळतं. २०१४ साली शेजारच्या आर्कन्सात एका एजंट बाईंना घर बघायच्या बहाण्याने बोलावून पळवून नेलं आणि ठार मारलं. तेव्हापासून आमच्या धंद्यातल्या प्रत्येक प्रशिक्षणात ती गोष्ट निघते.

आमचे नियम आहेत. पहिली भेट ऑफिसात, ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो काढून घ्यायचा, घरात शिरताना गिऱ्हाईक पुढे आणि आपण मागे, बेसमेंट इकडे नसतातच पण माळा आणि मोठी कपाटं त्यांची त्यांना बघू द्यायची. पिस्तूल हे या सगळ्याच्या नंतर येतं. तरीही येतंच. मराठी मंडळातल्या दोघी-तिघी हल्ली हळूच विचारतात, ‘कुठलं घेतलंस गं?’ प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

सगळ्यात आधी, तुम्हाला ते घेता येतं का ते बघा. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने साधारणपणे बंदूक जवळ बाळगता येत नाही. शिकारीचं वैध लायसन्स असणं असे काही अपवाद आहेत, पण त्या वाटेने जायचं तर आधी वकील गाठा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भावजींचं ऐकून ग्रीन कार्डावर पाणी सोडू नका. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना दुकानात फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी झाली की पिस्तूल मिळतं. आमच्या साताऱ्याकडच्या माणसांना हे सांगितलं की ते डोळे विस्फारतात. तिकडे मामांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा, आणि निकाल लागल्यावर आणायला पुन्हा खेटे.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून, ज्यांना कायद्याने पिस्तूल बाळगता येतं अशा २१ वर्षांवरच्या माणसांना ते सोबत ठेवायला परवाना लागत नाही. म्हणून पुष्कळजण परवान्याच्या भानगडीत पडतच नाहीत. मी म्हणते, काढा. फी ४० डॉलर. एक वर्ग, लेखी परीक्षा, आणि ५० गोळ्यांची चाचणी: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०, आणि २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. काढायचं खरं कारण असं की शाळेपासून १००० फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर फेडरल बंदी आहे, आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला. केटीतल्या वसाहतींचा नकाशा डोळ्यासमोर आणा. दर वसाहतीच्या पोटात एक प्राथमिक शाळा. ‘चालत शाळेला जाता येतं’ असं आम्हीच जाहिरातीत छापतो! मी दिवसभर त्या वर्तुळातून आत-बाहेर करत असते.

आता पिस्तुलाकडे.

दुकानात बाईमाणूस शिरलं की काउंटरमागचा माणूस न विचारता एक छोटं रिव्हॉल्व्हर काढतो. माझ्यापुढे आलं ते स्मिथ अँड वेसनचं ६४२. पाच गोळ्या, ॲल्युमिनियमची बॉडी, घोडा आतल्या आत झाकलेला, म्हणजे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. वजन साडेचौदा औंसांच्या आतबाहेर, म्हणजे चारशे ग्रॅमच्या जरा वर. ‘यात काही बिघडत नाही, स्लाइड ओढायला नको, बायकांना हेच बरं.’ पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसऱ्याबद्दल माझं भांडण आहे. त्याचा ट्रिगर दहा-बारा पौंडांचा. म्हणजे चारशे ग्रॅमची वस्तू हवेत स्थिर धरून तिच्यावर एका बोटाने पाच किलोचा दाब द्यायचा, आणि तोही लांबच लांब. नळीचं टोक प्रत्येक वेळी डावीकडे खाली जायचं. वर .३८ स्पेशल या गोळीचा झटका तळहाताच्या त्या मऊ भागात बसतो. गरम पोळी तव्यावरून हातानं उलटणारी बाई मी, पण दुसऱ्या फैरीला ‘पुरे’ म्हणाले. अनुभवी माणसाच्या हातात ते उत्तम हत्यार आहे. नवख्या माणसाला ते ‘सोपं’ म्हणून विकणं मला पटत नाही, मग तो नवखा बाई असो की बाप्या.

मग पिस्तूल, म्हणजे मॅगझिनवालं: गोळ्यांची डबी मुठीत, आणि वर मागे-पुढे सरकणारी स्लाइड. इथे माझी अडचण अंगठ्याची. पन्नाशीनंतर माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, आणि स्लाइड मागे ओढून गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खणात, आणणं हे नेमकं अंगठ्याचं काम असं आपल्याला वाटतं. आकार लहान म्हणजे ओढायला हलकं, हाही समज उलटाच. जुन्या बांधणीच्या छोट्या पिस्तुलांत, उदाहरणार्थ वॉल्थर पीपीकेत, गोळी सुटताना स्लाइडला रोखून धरणारं तिचं वजन आणि स्प्रिंग याशिवाय काही नसतं. त्यामुळे स्प्रिंग भक्कम लागते. .३८० गोळीचं पीपीके मला दुकानात पूर्ण मागे ओढता आलं नाही. नव्यांपैकी बऱ्याच पिस्तुलांत बॅरल (नळी) आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून राहतात, दाब उतरला की सुटतात. तिथे हलकी स्प्रिंग चालते. रुगरचं एलसीपी मॅक्स किंवा स्मिथ अँड वेसनचं बॉडीगार्ड २.० मला ओढता येतं, ते यामुळे. शिवाय ओढायचीही एक रीत आहे. चिमटीत धरायचं नाही. डावा तळवा अख्खा स्लाइडवर पालथा टाकायचा, चारी बोटांनी पकडायची, पिस्तूल पोटाजवळ आणायचं आणि उजव्या हाताने ते पुढे ढकलायचं. डावा हात नुसता घट्ट. अंगठ्याला कामच नाही. हे दाखवायला कोर्सवाल्या गृहस्थांना दोन मिनिटं लागली, आणि माझ्यासाठी अर्धं दुकान उघडं झालं.

ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी बॅरेटाचं टॉमकॅट आहे, .३२चं. त्याच्या नळीची मागची बाजूच वर उचलते, गोळी हाताने आत ठेवायची आणि नळी खाली दाबायची. स्लाइड ओढणं नाही. कल्पना सुंदर, पण पिस्तूल त्याच्या गोळीच्या मानाने जाड आणि जड. आणि ‘बॅरेटा’ म्हटलं की आपल्या मराठी डोक्यात ३० जानेवारी १९४८ येतोच. ते बॅरेटाचं १९३४चं मॉडेल होतं, आणि त्याची गोळी म्हणजे हीच .३८०, जी मी आज सोबत ठेवते. हे कळल्यावर माझ्या सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. ही गोळी ‘अगदीच हलकी, खेळण्यातली’ असं रेंजवर कोणी म्हणालं की मला ते आठवतं, आणि मी वाद घालत नाही.

तरी गोळीबद्दल थोडं. .३२, .३८० आणि ९ मिमी अशी चढती भाजणी. पहिल्या दोन्ही जॉन ब्राउनिंगच्या, शंभर वर्षांहून जुन्या. आपल्याकडे कानपूरला २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढलं, तेही .३२चंच (पण गोळी वेगळी, रिव्हॉल्व्हरची), वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. इकडे केल-टेकचं पी-३२ रिकामं असताना दोनशे ग्रॅमही भरत नाही, खिशात आहे हे विसरायला होतं, आणि झटका जवळजवळ नाहीच. मला ते फार आवडलं होतं. .३२च्या चांगल्या गोळ्या प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, आणि नेम धरायची साइट म्हणजे धातूवरचा नुसता उंचवटा, म्हणून राहिलं. दुसऱ्या टोकाला सिगचं पी३६५. ९ मिमी, १० गोळ्या, पाचशे ग्रॅम. हातात धरायला या सगळ्यांत सुखाचं तेच. जड पिस्तूल झटका गिळतं, त्यामुळे मोठी गोळी असूनही ते हलक्या .३८०पेक्षा मऊ वाटतं. कमरेच्या पट्ट्यावर लावणार असाल तर पुढचं वाचूच नका, तेच घ्या. खिशात मात्र ते वीट घातल्यासारखं दिसतं.

.३८०मध्ये एक खोच आहे. पावणेतीन इंचांच्या नळीतून गोळीला वेग कमी मिळतो. टोकाला भोक असलेली गोळी लागल्यावर फुलायला हवी, ती कधी फुलत नाही, आणि फुलली तर कधी पुरेशी खोल जात नाही. एफबीआयचा निकष जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंचांचा आहे, आणि छोट्या पिस्तुलातून तिथपर्यंत पोचताना .३८०ची दमछाक होते. यावर रेंजवरचे बाप्ये तासन्‌तास बोलू शकतात. मी इतकंच बघितलं की निवडलेली गोळी माझ्या पिस्तुलातून न अडकता सुटते का. दोन खोके झाडले, एकदाही अडकली नाही, विषय संपला.

शेवटी दोनच उरली, एलसीपी मॅक्स आणि बॉडीगार्ड २.०. दोन्हींत मॅगझिनमध्ये १० गोळ्या, दोन्ही तीनशे ग्रॅमच्या आत किंवा तेवढीच. नवऱ्याचं मत रुगरला, कारण पुढच्या साइटला अंधारात चमकणारा ठिपका आहे. मुद्दा चांगला होता. माझं मन बॉडीगार्डकडे, कारण त्याचा ट्रिगर सपाट आणि सरळ, आणि त्याची एक आवृत्ती अंगठ्याच्या सेफ्टीसकट, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणाऱ्या खिट्टीसकट, मिळते. यावर घरात आणि रेंजवर बरंच रामायण झालं. कोर्सवाले गृहस्थ निवृत्त डेप्युटी, म्हणजे इथले पोलीसच, ते म्हणाले, ‘घाबरलेल्या माणसाला सेफ्टी काढायचं सुचत नाही. पिस्तूल रोखलं आणि काही झालं नाही, अशी वेळ येईल.’ त्यांचं खोटं नाही. पण माझं पिस्तूल दिवसातून कितीदा तरी खिशातून काढून गाडीच्या पेटीत आणि पेटीतून परत खिशात जातं. शाळा आली, बार आला, दारावर ३०.०६ची (लपवलेलं पिस्तूल आत आणू नका, अशी) पाटी आली की ठेवायचं. हाताळताना होणारे अपघात अशा काढ-घालीत होतात. मला दरोडेखोरापेक्षा त्या काढ-घालीची भीती जास्त. सेफ्टी घेतली, आणि ती खाली दाबण्याचा सराव रिकाम्या पिस्तुलावर रोज संध्याकाळी करते, कुकरची शिट्टी होईपर्यंत.

आता खिसा. बायकांच्या पँटच्या खिशात लिपस्टिक उभी राहत नाही, तिथे पिस्तूल कुठलं! सगळ्या याद्या, सगळ्या चर्चा पुरुषांच्या खिशावर बेतलेल्या. पर्समध्ये ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. डिसेंबर २०१४मध्ये आयडाहोत एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या पोराने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि ती बाई तिथल्या तिथे गेली. पर्स ट्रॉलीत राहते, खुर्चीला अडकवली जाते, चोराचा पहिला हातही तिच्यावरच पडतो.

मी कामाला जाते ती जाड चिनोज आणि वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता अशी. चिनोजचा उजवा खिसा उसवून, मांजरपाटाचा दुहेरी, वीतभर खोल खिसा शिवून घेतला. गेल्या खेपेला साताऱ्यात नेहमीच्या शिंप्याकडेच पाच पँटी दिल्या. ‘वहिनी, एवढा खोल कशाला?’ म्हणाला, ‘मोबाईल मोठा आहे’ म्हटलं. खिशात होल्स्टर हवंच. ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि बाहेरून खरखरीत, म्हणजे पिस्तूल बाहेर येतं आणि ते आत राहतं. त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, रुमाल नाही, सुटे पैसे नाहीत. कुर्त्याची चीर नेमकी खिशावर येते, त्यामुळे हात सहज जातो. कुर्त्यालाच खिसा शिवून बघितला होता, तो चालताना झोके घेतो आणि मांडीवर आपटतो. सलवारीचं तर नावच नको, नाडी आणि वजन यांचं जमत नाही.

खिशाचा एक मोठा फायदा मला धंद्यात कळला. अनोळखी दारात उभं असताना हात आधीच खिशात घालून ठेवता येतो आणि कोणालाही काही वाटत नाही. कमरेवरच्या पिस्तुलाला तसा हात लावून उभं राहिलं तर पोलीस येतील. तोटा असा की गाडीत बसल्यावर, पट्टा लावल्यावर, खिशातून ते निघत नाही म्हणजे नाही. आणि आत इतका धागाधूळ जमतो की दर रविवारी ब्रश मारावा लागतो.

गाडीत सीटखाली पोलादी पेटी आहे, जाड केबलने सीटच्या पायाला जखडलेली. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवणं गुन्हा आहे, आणि आमच्याकडे भाच्यांचा राबता असतो. मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतो, तेव्हा पिस्तूल त्या पेटीत राहतं. साडी नेसायची असेल त्या दिवशी ते घरून निघतच नाही. पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, तो मैत्रिणीने निऱ्यांच्या आतून लावून बघितला. पदर, निऱ्या, पिन असं सगळं बाजूला करून हात पोचेपर्यंत समोरचा माणूस घर बघून, भाव करून, गेलेलाही असेल. साडीच्या दिवशी मी घरं दाखवत नाही.