विराटचा रॅम्प 1:72 मध्ये: वक्र जमला, आता विमानाकडे

मागच्या रविवारी माझ्या विराटच्या 1:72 मॉडेलचा (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) आधीचा रॅम्प उचकटला आणि नव्याने करायला घेतला. आयएनएस विराट ही भारतीय नौदलाची जुनी विमानवाहू नौका. तिचा स्की-जंप, म्हणजे विमानाला उडताना वर फेकणारा डेकच्या पुढच्या टोकाचा रॅम्प, 12 अंशांचा, म्हणून मी 60 सेंमी लांबीचा फोमबोर्ड सरळ 12 अंशांवर चिकटवला होता. टोक साडेबारा सेंमी वर गेलं आणि जहाजाचं प्रमाणच बिघडलं. चूक समजुतीतच होती. 12 अंश हा फक्त टोकाचा कोन. सुरुवातीला चढ शून्य असतो आणि तिथून हळूहळू वाढत जातो. सरळ चढ असता तर वेगात आलेल्या विमानाचं पुढचं चाक पायथ्याशीच आदळलं असतं. वक्रावर तो भार रॅम्पभर विभागला जातो.

आता रॅम्प म्हणजे वर्तुळाचा कंस असं धरलं. 60 सेंमीत 12 अंश वळायचं तर त्रिज्या येते 286 सेंमी. एवढा कंपास कुठून आणणार? गच्चीत खिळा ठोकला, बारीक तार ताणली आणि तिच्या टोकाला पेन्सिल बांधली. (सुतळी घेऊ नका, ती ताणते.) त्या रेघेवरून पुठ्ठ्याचा साचा, साच्यावरून 1 मिमी प्लास्टिक शीटच्या सात रिब (खालचे आधार), त्यांवर अर्ध्या मिमीची शीट. टोकाची उंची सव्वासहा सेंमी भरली, म्हणजे आधीच्या निम्मी. मधोमध तर जेमतेम दीड! बाजूने पाहिलं की आता फोटोतली विराट दिसते.

पुढचं काम सी हॅरियरचं, म्हणजे विराटवरून उडणाऱ्या लढाऊ विमानाचं. मला तो टोक सोडल्याच्या क्षणी दाखवायचाय, कारण स्की-जंपची खरी गंमत तिथेच आहे. त्या क्षणी विमानाला नेहमीसारखं उडण्याइतका वेग आलेलाच नसतो. समजा वेग सेकंदाला 50 मीटर आहे. 12 अंशांमुळे त्यातले साधारण 10 मीटर वरच्या दिशेला वळतात. पंख आणि इंजिन मिळून 60 टक्के वजन पेलत असतील, तरी विमान अडीच सेकंदांहून जास्त वेळ वरच जात राहतं. तेवढ्यात वेग वाढतो आणि उरलेलं वजनही पेललं जातं. ब्रिटिश नौदलातल्या डग टेलर यांची ही कल्पना; 1977 मध्ये इंग्लंडमधल्या बेडफर्डला हॅरियरवरच तिची चाचणी झाली.

म्हणून विमानाच्या किटमध्ये दोन बदल केले. पुढच्या चाकाचा दांडा उभ्या विमानासारखा दबलेला होता. हवेत तो लोंबतो, म्हणून कापून पितळी तारेने 2 मिमी वाढवला. नॉझल, म्हणजे इंजिनाचा झोत सोडणारी फिरती तोंडं, मागे वळलेले होते. पायलट ते रॅम्पच्या टोकाशी खाली झुकवतो, तसे फिरवून घेतले. चाकं अजून खालीच. विमान पारदर्शक ॲक्रिलिक दांडीवर टोकापुढे दीड सेंमी तरंगेल.

डेकचा रंग आणि विमानावरचं चिन्ह, म्हणजे नौदलाच्या 300 स्क्वॉड्रनचा पांढरा वाघ, बाकी आहे. मुंबईत विराट पाहायला गेलेल्या कुणाकडे रॅम्पच्या टोकाचा बाजूने काढलेला फोटो असेल तर जरूर दाखवा. खालच्या प्लेटचे जोड नेमके कुठे येतात ते पाहूनच रंग लावणार आहे.